शेतीतील श्रम-उत्पादकता : अंश आणि छेद

कापसाच्या शेतातील कामगंध सापळ्यात आठ नर पतंग सापडले, एवढेच कोणी सांगितले तर त्यावरून फवारणीचा निर्णय घेता येत नाही. किती सापळ्यांत? किती रात्रींत? सलग तीन रात्री, प्रत्येक सापळ्यात, प्रत्येक रात्री आठ पतंग, असे म्हटल्यावरच गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी गाठली गेली असे आपण मानतो. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवली जाणारी ही गोष्ट. संख्या मोजणे सोपे असते. ती कशाने भागायची हे ठरवणे कठीण असते.

अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही गेली काही वर्षे कीड व्यवस्थापनाच्या शिफारशी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवताना एका प्रश्नाशी वारंवार गाठ पडली. शेतीत राबणारा एक माणूस किती उत्पन्न निर्माण करतो आणि हे कसे मोजायचे? आपल्या प्रात्यक्षिकांचे अहवाल हेक्टरी किंवा एकरी उत्पादनाच्या भाषेत लिहिले जातात. राबणाऱ्या माणसाचा हिशेब त्यांत क्वचितच असतो. प्रस्तुत लेखात या मोजमापाची पद्धत, तिच्यातील खाचखळगे आणि गावपातळीवर तिचा उपयोग यांचा विचार केला आहे.

चौपट दरीचा अर्थ

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील एकूण कामगारांपैकी ४६.१ टक्के कामगार शेती व संलग्न क्षेत्रात होते. त्याच सुमारास देशाच्या सकल मूल्यवर्धनात या क्षेत्राचा वाटा सुमारे १८ टक्के होता. म्हणजे ४६ टक्के माणसे १८ टक्के मूल्य निर्माण करतात आणि उरलेली ५४ टक्के माणसे ८२ टक्के. पहिल्या गटाचे दरमाणशी प्रमाण १८ भागिले ४६, म्हणजे ०.३९ येते, दुसऱ्या गटाचे १.५२. शेतीबाहेरचा एक कामगार शेतीतील एका कामगाराच्या जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो, असा या गणिताचा निष्कर्ष आहे.

गणित बिनचूक आहे. त्याचे वाचन मात्र अनेकदा चुकते. शेतकरी व शेतमजूर कमी राबतात, अकुशल आहेत किंवा शेतीत माणसे निव्वळ जास्तीची आहेत, असे अर्थ त्यातून काढले जातात. असा अर्थ काढण्यापूर्वी अंशस्थानी काय आहे आणि छेदस्थानी काय आहे, हे दोन्ही तपासले पाहिजे.

अंश : मूल्यवर्धन कशाला म्हणावे

अंशाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पिकाचे एकूण मूल्य घ्यावे. त्यात मुख्य उत्पादनाबरोबर कडबा, पराटी, घरी खाल्लेले धान्य, जनावरांना घातलेली वैरण हे सारे धरावे. त्यातून बियाणे, खते, कीटकनाशके, डिझेल, वीज, भाड्याने घेतलेल्या यंत्राचा खर्च अशा बाहेरून आलेल्या निविष्ठा वजा कराव्यात. उरते ते मूल्यवर्धन. येथे मजुरी वजा करायची नसते. हा मुद्दा मुद्दाम सांगतो आहे, कारण प्रशिक्षण वर्गांत सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. मजुरी वजा केली की उरतो तो नफा. आपल्याला मोजायचे आहे ते श्रमाने निर्माण केलेले मूल्य, मग त्यातला वाटा मजुराकडे जावो की मालकाकडे.

वर्षावर्षांची तुलना करायची असेल तर किंमती स्थिर धराव्या लागतात. अन्यथा चांगले पिकले आणि भाव पडला, तर त्याच माणसाची उत्पादकता कागदावर घटलेली दिसते. शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने ती घट खरी आहे, त्याच्या श्रमाच्या दृष्टीने नाही. दोन्ही हिशेब हवेत, पण एकमेकांत मिसळलेले नकोत.

छेद : कामगार कोण

खरी अडचण छेदात आहे. श्रमबल सर्वेक्षणातील ‘नेहमीच्या स्थिती’च्या व्याख्येत, मागील ३६५ दिवसांतील अधिक काळ ज्या कामात गेला ते मुख्य काम मानले जाते, आणि एखाद्याने ३० दिवस किंवा अधिक काळ दुय्यम काम केले असेल, तर तोही कामगार गणला जातो. परिणामी वर्षात २८० दिवस शेतात असलेला माणूस आणि निंदणी-सोंगणीचे मिळून ३५ दिवस काम केलेली स्त्री, दोघेही छेदात प्रत्येकी ‘एक’ म्हणून बसतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’ची व्याख्या आणखी सैल आहे. मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले, तरी ती व्यक्ती त्या आठवड्यापुरती कामगार ठरते. जनगणनेत सहा महिने किंवा अधिक काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी काम करणारे ‘सीमांतिक’ अशी वेगळीच विभागणी आहे.

या व्याख्यांत दोष आहे असे माझे म्हणणे नाही. रोजगार आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या केल्या आहेत आणि त्या कामाला त्या योग्य आहेत. उत्पादकता मोजण्यासाठी मात्र त्या जशाच्या तशा उचलल्या की घोटाळा होतो.

ग्रामीण स्त्रियांचे उदाहरण घेऊ. पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. या वाढीतला मोठा भाग स्वतःच्या शेतात किंवा घरच्या व्यवसायात विनावेतन मदत करणाऱ्या वा स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्या सगळ्या पूर्वी घरात बसून होत्या आणि अचानक शेतात आल्या, असे गावात राहणारा कोणीही म्हणणार नाही. काही प्रमाणात काम खरोखर वाढले असेल, काही प्रमाणात ते नोंदवले जाऊ लागले असेल. जितकी वाढ केवळ नोंदीची, तितकी दरमाणशी उत्पादकता शेतात काहीही न बदलता कागदावर घटते.

याच्या उलटही घडते. एखाद्या स्त्रीची नोंद ‘घरकाम, शिवाय घरासाठी वैरण-सरपण गोळा करणे’ या वर्गात झाली, तर ती श्रमबलाबाहेर जाते. तिने आणलेली वैरण खाऊन म्हशीने दिलेले दूध मात्र राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. दूध अंशात येते आणि ते तास छेदात येत नाहीत. आपल्या दुग्धव्यवसायाच्या दरमाणशी आकड्यांत ही गफलत किती मुरलेली असेल, याचा विचार पशुसंवर्धनातील सहकाऱ्यांनी अवश्य करावा.

माणसे मोजावीत की तास?

माणसांऐवजी श्रमाचे तास मोजले तर चित्र बरेच पालटते. डग्लस गॉलिन, डेव्हिड लागाकोस आणि मायकेल वॉ यांनी २०१४ मध्ये अनेक विकसनशील देशांच्या आकडेवारीवर केलेले काम या विषयात पायाभूत मानले जाते. कामाच्या तासांतील आणि शिक्षणातील फरक जमेस धरल्यावर शेती व शेतीबाहेरील क्षेत्रांतली दरी बरीच कमी होते. तरीही सरासरीने सुमारे दुपटीची दरी उरते, असे त्यांना आढळले. एलन मॅक्‌कलो यांनी २०१७ मध्ये इथिओपिया, मलावी, तांझानिया व युगांडा येथील कुटुंब-सर्वेक्षणांवरून दाखवले की, दर वर्षाऐवजी दर तासाला हिशेब केला की दरी कितीतरी अरुंद होते. तेथील शेतीतला माणूस तासाला फार कमी कमावतो, त्यापेक्षा त्याला वर्षभर पुरेसे तास कामच नसते, हे अधिक खरे होते.

विस्तार कार्यकर्त्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. एखाद्या गावात दर दिवसाचे उत्पन्न बरे आहे पण कामाचे दिवसच वर्षात शंभर-सव्वाशे आहेत, तर तेथे रब्बीची सोय, दुभती जनावरे, रेशीम, प्रक्रिया असे रिकामे दिवस भरणारे उपाय हवेत. दिवस भरलेले आहेत पण दर दिवसाचे उत्पन्न तुटपुंजे आहे, तर अवजारे, वाण, सिंचन, कीडनियंत्रण यांकडे वळावे लागेल. वार्षिक दरमाणशी आकडा दोन्ही गावांत सारखाच येऊ शकतो.

पण तास मोजायचे कसे? हंगाम संपल्यावर शेतकऱ्याला ‘निंदणीला किती दिवस लागले?’ असे विचारून भरलेल्या प्रपत्रांवर किती विसंबावे, याची शंका मला नेहमी येत असे. तांझानियातील मारा प्रांतात वेल्लोर आर्थी, कॅथलीन बीगल आणि सहकाऱ्यांनी याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांकडून संपूर्ण हंगामभर दर आठवड्याला श्रमाची नोंद घेतली आणि काहींना हंगामाच्या शेवटी एकदाच विचारले. शेवटी विचारलेल्यांनी एका माणसाने एका तुकड्यावर केलेले तास जवळपास चौपटीपर्यंत फुगवून सांगितले. गंमत पुढे आहे. संपूर्ण कुटुंबाची बेरीज केली तेव्हा हा फरक बराचसा पुसला गेला, कारण शेवटी विचारलेली कुटुंबे काही तुकडे आणि काही माणसे सांगायलाच विसरली होती. एक चूक दुसरीने झाकली. बेरीज बरोबर आली म्हणून नोंद बरोबर ठरत नाही, हे कीड-सर्वेक्षण करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आदिलाबादचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी तेलंगणातील आदिलाबाद भागातल्या एका गावात गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनावर बैठक होती. कापूस व सोयाबीन घेणारे हे गाव, मराठी सहज बोलले जाणारे. मी कामगंध सापळे, दर आठवड्याचे निरीक्षण, डोमकळ्या हाताने तोडून नष्ट करणे, पातळी ओलांडल्यासच फवारणी, असा कार्यक्रम मांडला. एकरी फायद्याचा तक्ता दाखवला. मागे बसलेल्या एका वयस्क शेतकरी बाईंनी विचारले, “मॅडम, डोमकळ्या तोडायच्या कोणी अन् सोयाबीन सोंगायचं कोणी?” सभेत हशा पिकला. माझ्या तक्त्यात मजुरांचा स्तंभच नव्हता, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या हंगामात त्या गावात सापळे लागले; डोमकळ्या फारशा कोणी तोडल्या नाहीत. अहवालात आम्ही ‘जागृतीचा अभाव’ असे कारण लिहिले. ते कारण चुकीचे होते.

तो हिशेब आता करून पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, प्रचलित पद्धतीत एकरी ८ क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये, म्हणजे ५६,००० रुपये. निविष्ठांचा खर्च २०,००० रुपये. मूल्यवर्धन ३६,००० रुपये, आणि पेरणीपासून वेचणीपर्यंत लागलेले मनुष्यदिवस ४५. दर मनुष्यदिवसाला ८०० रुपये. शिफारशीच्या पद्धतीत ९ क्विंटल, म्हणजे ६३,००० रुपये, फवारण्या कमी झाल्याने निविष्ठांचा खर्च १८,५००, मूल्यवर्धन ४४,५००, मात्र निरीक्षण, डोमकळ्या तोडणे आणि वाढीव वेचणी मिळून मनुष्यदिवस ६०. दर मनुष्यदिवसाला सुमारे ७४२ रुपये.

एकरी मूल्यवर्धन ८,५०० रुपयांनी, जवळपास २४ टक्क्यांनी वाढले. दर मनुष्यदिवसाचे ७ टक्क्यांनी घटले. एकच शेत, एकच हंगाम; पहिला आकडा पाहणारा शास्त्रज्ञ खूश आणि दुसरा आकडा जगणारी बाई नाखूश.

येथे थांबलो तर मात्र आपण दुसरी चूक करू. सरासरी घटली म्हणून तंत्र वाईट, असे म्हणता येत नाही. वाढीव १५ दिवसांनी ८,५०० रुपये दिले, म्हणजे प्रत्येक वाढीव दिवसाला सुमारे ५६७ रुपये. शेतकऱ्याने तोलायचा आकडा हा आहे. त्या दिवशी घरातले माणूस रिकामे असेल, किंवा ३०० रुपये रोजाने मजूर मिळत असेल, तर शिफारस फायद्याची आहे. तेच माणूस त्या दिवशी सोयाबीन सोंगून भिजण्यापासून वाचवत असेल, तर त्या दिवसाची किंमत ५६७ हून बरीच अधिक आहे आणि डोमकळ्या झाडावरच राहणार. मनुष्यदिवस हे एकसारखे नाणे नाही. जूनमधला दिवस, सप्टेंबरअखेरचा दिवस आणि मार्चमधला दिवस यांना वर्षाच्या बेरजेत एकच वजन देणे सोयीचे आहे, पण त्यातून शेतकऱ्याचा निर्णय कळत नाही.

सरासरी आणि वाढीव यांतला हा फरक जुन्या वादाशी जोडलेला आहे. अविकसित देशांच्या शेतीत इतकी जास्तीची माणसे आहेत की काही काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, असे मत गेल्या शतकाच्या मध्यात प्रबळ होते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये ते भारताच्याच उदाहरणाने खोडण्याचा प्रयत्न केला. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भारतातील शेतीतले मनुष्यबळ सुमारे ८ टक्क्यांनी घटले, आणि १९१९-२० मधील पेरणीक्षेत्र १९१६-१७ च्या तुलनेत ३.८ टक्क्यांनी कमी भरले. माणसे खरोखर फाजील असती तर पेरा घटला नसता, असा त्यांचा युक्तिवाद. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. साथ घराघरांतून विचारपूर्वक एकेक माणूस उचलत नाही. एका घरातली सारी जातात आणि दुसऱ्या घरातली सारी राहतात. अशा घटीवरून, कामासाठी स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या माणसांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. मला सेन यांचा आक्षेप पटतो, आणि तरीही शुल्ट्झ यांचा प्रश्न टाळता येत नाही. पेरणी आणि सोंगणीच्या आठवड्यांत कोणत्या गावात माणसे फाजील असतात, हे एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहावे.

जमीन आणि माणूस

युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन यांनी १९७१ मध्ये मांडलेली एक साधी फोड येथे उपयोगी पडते. दरमाणशी उत्पादन म्हणजे दरमाणशी जमीन गुणिले दर हेक्टरी उत्पादन. अमेरिकेने यंत्रांच्या साहाय्याने पहिला घटक वाढवला, जपानने बियाणे व खतांच्या साहाय्याने दुसरा. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार शेतकरी आणि शेतमजूर मिळून सुमारे २६.३ कोटी होते आणि निव्वळ पेरणीक्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर; म्हणजे दरमाणशी जेमतेम अर्धा हेक्टर. पहिला घटक इतका आखूड असल्याने आपले संशोधन दुसऱ्यावर केंद्रित झाले, हे स्वाभाविक होते.

तथापि काही तंत्रे हेक्टरी उत्पादन न वाढवताही श्रम वाचवतात आणि हेक्टरी तक्त्यात ती नापास होतात. भाताची थेट पेरणी हे त्याचे उत्तम उदाहरण. पंजाबात २००९ च्या भूजल संरक्षण कायद्याने ठरावीक तारखेपूर्वी लावणीला बंदी घातली. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण लावणीचे सारे काम थोड्या दिवसांत एकवटले आणि बिहार व उत्तर प्रदेशातून येणाऱ्या मजुरांवरचे अवलंबन अधिक तीव्र झाले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ते मजूर वेळेवर आले नाहीत, तेव्हा थेट पेरणीखालचे क्षेत्र एकाच हंगामात झपाट्याने वाढले. उत्पादन लावणीच्या भाताइतकेच किंवा थोडे कमी. तणांचा त्रास अधिक. तरीही दर मनुष्यदिवसाचा हिशेब त्या वर्षी शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

गावात नोंद कशी ठेवावी

आपल्या प्रात्यक्षिक शेतांवर येत्या हंगामात श्रमाचीही नोंद ठेवावी, अशी माझी विनंती आहे. एक साधी वही पुरे. नोंद दर आठवड्याला घ्यावी. हंगामाच्या शेवटी आठवून भरू नये. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे पान ठेवावे, कोणी काम केले ते व्यक्तिवार लिहावे, तास लिहावेत आणि आठ तासांचा एक मनुष्यदिवस धरावा. घरचे आणि मजुरीचे काम वेगळ्या रकान्यांत असावे. कीड-निरीक्षणाची फेरी, सापळ्यातील ल्यूर बदलणे, फवारणीसाठी पाणी वाहून आणणे ही कामेही लिहावीत; पाणी बहुधा बायका आणतात आणि ‘फवारणी एक माणूस’ एवढीच नोंद होते.

स्त्रियांच्या तासांविषयी विशेष सांगायचे आहे. काही अभ्यासांत मजुरीच्या प्रमाणात स्त्रीचा दिवस पुरुषाच्या दिवसाचा काही अंश धरून बेरीज करतात. स्त्रीला मजुरी कमी, म्हणून तिचा दिवस लहान. दिवस लहान, म्हणून तिचे काम कमी मोलाचे. आणि म्हणून मजुरी कमी. हे वर्तुळ आपल्या वहीत नसावे. तास जसेच्या तसे लिहावेत, मजुरीचा दर वेगळा लिहावा.

नोंद वेचणी संपेपर्यंत चालू ठेवणे अत्यावश्यक आहे, आणि याचे कारण माझ्या विषयातले आहे. कापसात सर्वाधिक मनुष्यदिवस वेचणीला लागतात. बोंडअळीने पोखरलेली बोंडे नीट उमलत नाहीत. कवडी कापूस सोडवून घ्यायला वेळ लागतो आणि वेचणारीच्या ओटीत दिवसाअखेर कमी किलो भरतात. अशा वर्षी मजूर किलोमागे वाढीव दर मागतात किंवा शेत टाळतात. म्हणजे डोमकळ्या तोडण्याचे कष्ट सप्टेंबरात दिसतात आणि त्यांनी वाचवलेले कष्ट नोव्हेंबर ते जानेवारीत. वर मांडलेल्या उदाहरणात मी वाढीव वेचणीचे दिवस मोजले, पण निरोगी बोंडांमुळे प्रत्येक किलोमागे वाचणारा वेळ धरलेला नाही. तो धरला तर ६० चे ५५ होतील की ५०, हे प्रत्येक गावात, कीड किती होती त्यानुसार वेगळे येईल. ५५ आले तर दर मनुष्यदिवसाचे मूल्यवर्धन सुमारे ८०९ रुपये होते, म्हणजे प्रचलित पद्धतीहून थोडे वरच. त्यासाठी वेचणीच्या प्रत्येक दिवशी कोणी किती किलो कापूस वेचला आणि त्यात कवडी किती, हे दोन रकाने वहीत वाढवावेत. सोयाबीनच्या सोंगणीत अडकलेले आठवडे त्याच वहीत लाल शाईने खुणावून ठेवावेत. डोमकळ्या तोडण्याची फेरी पहिल्या बहरात, त्या आठवड्यांपूर्वी, बसवता येते का, हे पुढच्या बैठकीत त्या वहीवरूनच ठरवता येईल.